शक्यतो

३ जुलै

चि. टिंबास,
ताईचा आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. तू फोन करतोस ते मला कळतं, पण हल्ली मला फोन कानाला लावता येत नाही. गेले तीन महिने तो कपाटात टॉवेलांच्या घडीखाली ठेवलाय, चार्जिंगपुरता तेवढा काढते. वाजला की टॉवेल थरथरतात आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. तेव्हा यापुढे जे बोलायचं ते कागदावर. लहानपणी दिसेल त्या अक्षरावर अनुस्वार ठोकायचास म्हणून बाबांनी तुझं नाव टिंब ठेवलं. आता सरकार तुला त्याच खोडीचा पगार देतं आणि तू देशभराच्या कायद्यांना टिंबं देत बसतोस. निदान ताईच्या पत्राला तरी उत्तर दे.

शाळेत जायला लागले. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबतं आणि सगळ्यांना एकदम वह्या तपासायच्या असतात. मोठ्या बाई म्हणाल्या, काही दिवस हलके तास घ्या. मी म्हटलं, मग सातवीचं नागरिकशास्त्रच द्या, सव्वीस वर्षं तेच शिकवतेय, झोपेतसुद्धा शिकवीन. परवा वर्गात गेले, फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, ‘समाज कायदे का करतो?’ पुस्तकात उत्तर आहे चार ओळींचं, शांतता, सुव्यवस्था, सर्वांचं हित वगैरे. सव्वीस वर्षं मी ते उतरवून देते आहे. या वेळी खडू हातात धरून उभी राहिले आणि तास संपल्याची घंटा होईपर्यंत मुलं बिचारी गप्प बसली.

त्याच आठवड्यात ह्यांच्या अपघाताच्या चौकशीचा निकाल टपालाने आला होता. तू अंत्यविधीला होतास, पण तेव्हा नीट काही कळलं नव्हतं, म्हणून लिहिते. हे त्या सहा मजली इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरले होते. पाणी साचलं होतं, ते काढून खालची स्प्रिंग बदलायची होती. असा माणूस खाली असताना वर मुख्य बटणापाशी दुसऱ्याने उभं राहायचं, म्हणजे कोणी लिफ्ट चालू करणार नाही. ह्यांचा जोडीदार पक्कड, तुला ठाऊक आहेच, चौदा वर्षं ह्यांच्याबरोबर काम करणारा, तो त्या वेळी तिथे नव्हता. पाचव्या मजल्यावरच्या एका बाई सामानाच्या पिशव्या घेऊन आल्या. लिफ्ट बंद दिसली म्हणून त्यांनी बटण वर केलं. त्यांचा काय दोष.

निकालात लिहिलंय की ठेकेदाराने नियम मोडला नाही. देखभालीच्या नियमांपैकी नियम चौदा असा आहे: ‘कामगार खड्ड्यात उतरला असताना वर मुख्य बटणापाशी शक्यतो दुसरा कामगार हजर असावा.’ शक्यतो. त्या दिवशी शक्य नव्हतं, संपलं. पक्कडने मात्र जबाबात सांगितलं की मी माझ्या खासगी कामाला न विचारता गेलो होतो, म्हणून ठेकेदाराने त्याला कामावरून काढलं. एवढ्या मोठ्या अपघातातून एवढीच एक शिक्षा निघाली.

मला दोन गोष्टी सांग. एक, माणसं मुळात कायदे करतात तरी का? पुस्तकातलं नको, सातवीतल्या मुलांना पटेल असं. आणि दुसरं, असा शब्द कायद्यात घालतं कोण? तू कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या खात्यातच आहेस. तुला विचारायचं नाही तर कोणाला.

जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझी ताई


१४ जुलै

प्रिय ताई,
नमस्कार.

तुझं पत्र कचेरीच्या पत्त्यावर आलं तेव्हा शिपाई म्हणाला, साहेब, हाताने लिहिलेलं पत्र आहे, तक्रारच असणार. मी म्हटलं, ताईचं आहे, म्हणजे तक्रार तर असणारच.

तुझ्या पहिल्या प्रश्नावर माझ्या खोलीतलं एक कपाट भरलंय, पण सातवीसाठी सांगतो. काही लोक म्हणतात, कायदा भीतीतून आला. जो तो दुसऱ्याला घाबरत होता, दाराशी काठी घेऊन झोपत होता, शेवटी सगळे कंटाळले आणि म्हणाले, आपण सगळेच काठ्या एकाकडे देऊ, तो सांभाळेल. वर्गात मारामाऱ्या होतात म्हणून मुलं स्वतःच मॉनिटर नेमतात, तसं. दुसरे म्हणतात, हे सगळं झूट आहे. ज्याच्या हातात आधीपासून काठी होती त्याने स्वतःच्या सोयीचे नियम केले आणि बाकीच्यांना सांगितलं की हे तुमच्या भल्यासाठी आहेत. तिसरे म्हणतात, कायदा कोणी करत नाही, तो पडतो. तुमच्या शाळेच्या मैदानात गवतातून पायवाट पडली असेल बघ. ती कोणी आखलेली नसते. आधी एक गेला, मग दुसरा, आणि पुढे तिथूनच जायचं असं ठरून गेलं. सरकार मागाहून येतं आणि पाटी लावतं.

मला स्वतःला विचारशील तर माझं मत या तिघांपेक्षा साधं आहे. आमच्या कचेरीत कुठल्याही नियमाची फाईल उघड, पहिल्या पानावर वर्तमानपत्राचं कात्रण डकवलेलं असतं. कुठे छत पडलं, कुठे नाव बुडाली, कुठे औषधात भेसळ झाली. आधी कोणीतरी जातं आणि मग आम्ही लिहायला बसतो. त्यामुळे आमची भाषा कोरडी असली तरी तिच्या मुळाशी कोणाच्या तरी घरातलं रडणं असतं. हे मुलांना सांगायचं की नाही ते तू ठरव.

दुसऱ्या प्रश्नाचं काय सांगू. मसुदा एकाच्या हातचा कधीच नसतो. खात्याकडून येतो, समितीत जातो, लोक हरकती घेतात, परत येतो, परत जातो. दहा हातांतून फिरलेला कागद असतो तो. त्यातला कुठला शब्द कोणाचा हे शोधायला गेलीस तर दमून जाशील, आणि हाती काही लागायचं नाही. तुझी शक्ती तिथे घालवू नकोस. सुट्टीत चार दिवस माझ्याकडे ये. बाल्कनीत बस, मी कचेरीतून लवकर येत जाईन.

भावोजींची आठवण रोज येते. माझ्या घरची मोरीची तोटी त्यांनीच बदलली होती. पाणी सोडताना हात तिथे अडतो.

तुझा टिंब


२९ जुलै

चि. टिंबास,
आशीर्वाद.

तुझे तीन सिद्धांत मी वर्गात घेऊन गेले. फार दिवसांनी वर्गात गोंगाट झाला, बरं वाटलं. मॉनिटरची गोष्ट कोणालाच पटली नाही. मॉनिटरच म्हणाला, बाई, मला मुलांनी नाही नेमलं, तुम्ही नेमलंत. काठीवाल्याची गोष्ट मात्र सगळ्यांना आवडली, घराघरात एकेक असतो म्हणे. पायवाटेच्या गोष्टीवर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंडातून अक्षर काढत नाही. म्हणाली, बाई, सगळे एका बाजूने चालले म्हणून पायवाट पडली, पण ज्या गवतावरून चालले त्याला कोणी विचारलं? मी तिला बस म्हटलं आणि फळा पुसत राहिले. पुसण्यासारखं फळ्यावर काही नव्हतं.

कात्रणाचं मी सांगितलं नाही. ह्यांचं कात्रण माझ्याकडे आहे. सात ओळींचं, जुन्या फर्निचरच्या जाहिरातीच्या वर.

मग मी त्यांना म्हटलं, आता तुमच्या वर्गाचा एक नियम तुम्हीच करा. पाण्याच्या नळाशी रोज ढकलाढकली होते, त्यावर करा. गट पाडले, चर्चा झाली, कागद आला: ‘नळाशी शक्यतो रांगेत उभे राहावे.’ मी विचारलं, हा शब्द कोणी घातला? सगळे माना खाली घालून बसले. शब्द कोणी घातला ते मला ठाऊक होतं. कागद माझ्यासमोरच लिहिला होता त्यांनी. पण मी नाव घेतलं नाही. म्हटलं, ज्याने घातला त्याने आपणहून सांगावं, मी रागावणार नाही, मला फक्त घालताना मनात काय होतं ते ऐकायचंय. दहा मिनिटं गेली. शेवटी तो मुलगा उठला. म्हणाला, बाई, माझा धाकटा भाऊ पाचवीत आहे, त्याला मधल्या सुट्टीत गोळी घ्यायची असते, त्याला रांगेत थांबवलं असतं तर उशीर झाला असता. मग त्यांनीच नियम दुरुस्त केला, आजारी मुलांना पुढे सोडावं, बाकी सर्वांनी रांगेतच उभं राहावं. अर्ध्या तासात झालं हे काम. तुमच्या समित्यांना किती दिवस लागतात?

आता कामाचं. देखभालीच्या नियमांचा फेरविचार करायला सरकारने समिती बसवली आहे. ह्यांच्याशिवाय आणखी दोन माणसं तशीच गेली म्हणून. अकरा सप्टेंबरला सुनावणी आहे, तुझ्याच शहरात. मृताची पत्नी म्हणून मला बोलावलंय. नियम चौदामधून तो शब्द काढावा असं मी सांगणार आहे. मला फक्त तेवढं एक करायचंय, त्यानंतर सरकारने माझ्याकडे बघितलं नाही तरी चालेल. पण समोरून कोणी विचारलं की बाई, हा शब्द काही कारणाने घातला होता, ते कारण तुम्हाला माहीत आहे का, तर मी काय सांगू? म्हणून परत विचारते. तो कोणी घातला आणि का घातला?

पक्कडला भेटायला गेले होते. तो आता एका दुकानात पेट्या उचलतो. पन्नाशीचा माणूस, कंबर धरून उभा होता. माझ्याकडे न बघताच बोलला.

ताई


८ ऑगस्ट

प्रिय ताई,

घाईत लिहितोय, कचेरीत अधिवेशनाची धांदल आहे.

वर्गातला प्रकार वाचून मजा वाटली. पण तीस मुलांचा वर्ग आणि देश यात फरक असतो गं. तू ज्या शब्दावर एवढी अडून बसली आहेस तसले शब्द प्रत्येक कायद्यात असतात. ‘यथाशक्य’, ‘आवश्यक तेथे’, ‘परिस्थितीनुसार’. ते नसतील तर कायदा एक दिवस चालायचा नाही. एकेकट्याने काम करणारे लहान कारागीर आहेत, त्यांनी दुसरा माणूस रोज कुठून आणायचा? कायदा म्हणजे दोन बाजूंनी ओढलेली दोरी असते, आणि असा शब्द म्हणजे तिच्यातली ढील. कोणी वाईट हेतूने घालत नाही.

सुनावणीला येण्याबद्दल पुन्हा विचार कर. तिथे ठेकेदारांचे वकील असतात, ते उलटसुलट विचारतात, जखमेवरची खपली काढतात. लेखी निवेदन पाठवलंस तरी चालतं. मी मसुदा करून देतो, तू सही कर. जुनी फाईल मिळेल असं मला वाटत नाही. मी त्या दिवशी कदाचित दौऱ्यावर असेन.

प्रकृती सांभाळ.

टिंब


१२ ऑगस्ट

चि. टिंबास,

पत्र मिळालं. मसुदा नको. मी येणार आहे.

ताई


२ सप्टेंबर

ताई,

तीन आठवडे झाले, तुझं पुढचं पत्र नाही. रोज टपालाची पेटी बघतो. त्या दोन ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की कागद घडीवर फाटायला आलाय. आता लिहितो. यापूर्वी चार पत्रं लिहून फाडली, हे फाडायच्या आत टपालात टाकणार आहे.

तो शब्द मी घातला.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मसुदा माझ्याकडे होता. मी लिहिलं होतं, ‘दुसरा कामगार हजर असलाच पाहिजे.’ हरकतींसाठी बैठक होती. लांबट टेबल, एका बाजूला लिफ्ट कंपन्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला कामगारांचे दोन प्रतिनिधी, मधे अध्यक्ष. नियम तेरापर्यंत सगळं सुरळीत आलं आणि चौदावर घोडं अडलं. कंपन्यांची माणसं म्हणाली, प्रत्येक बारीक कामाला दोन माणसं दिली तर आम्ही दुकान बंद करू. कामगारांचे प्रतिनिधी म्हणाले, नाही दिलीत तर आम्ही मरू. शब्दशः असंच म्हणाले होते, ताई. तीन तास झाले. अध्यक्षांना गाडी गाठायची होती, ते सारखे घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अरे, तू भाषेचा माणूस, काढ काहीतरी तोडगा. मी म्हटलं, ‘शक्यतो’ घातलं तर? दोन्हीकडच्या माना हलल्या. कंपन्यांना वाटलं आपण सुटलो, कामगारांना वाटलं निदान काहीतरी कागदावर आलं. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी मी खूश होतो. सगळ्यांना सांभाळून घेतलं असं वाटत होतं.

मी तुला भीतीचे, काठीचे, पायवाटेचे सिद्धांत सांगितले. त्या खोलीत त्यातलं काहीच नव्हतं. सगळे दमलेले होते आणि मला कोणाचंच मन मोडवत नव्हतं, एवढंच. मला ठामपणे बोलता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. ‘असलाच पाहिजे’ यातला ‘च’ तेवढा मला धरून ठेवता आला नाही.

भावोजींना माहीत होतं. नियम निघाले तेव्हा मीच त्यांना फुशारकीने सांगितलं होतं की हे माझ्या हातचं काम आहे. त्यांनी तो कागद कामाच्या ठिकाणी भिंतीवर लावला. पुढे एकदा मला विचारलं, ‘मेहुणेबुवा, शक्यतो म्हणजे नेमकं काय, माणूस ठेवायचा की नाही?’ मी म्हटलं, माणूस असेल तर ठेवायचा. ते हसले, मीही हसलो. ते हसणं आता मला कुठल्याही खोलीत बसू देत नाही.

अंत्यविधीच्या दिवशी तू माझा हात धरून बसली होतीस. तेव्हा सांगायला हवं होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं. वर्गातल्या त्या मुलाला दहा मिनिटं लागली, मला दोन महिने. मी दौऱ्यावर जाणार नाही, तो दौरा नव्हताच. समितीपुढे हे सांगायची माझी तयारी आहे. सांगितल्यावर नोकरीचं काय होईल ते बघू. तू आता मला तोंड दाखवू नकोस म्हणालीस तरी ते रास्तच आहे. फक्त एकदा विचारतो, त्या दिवशी मी तिथे येऊ का?

टिंब


६ सप्टेंबर

चि. टिंबास,

मला माहीत होतं. आज नाही, पहिल्या पत्राच्या आधीपासून माहीत होतं.

कसं ते सांगायचं तर त्या दिवसाचं सगळंच सांगायला हवं, आणि मी ते अजून कोणालाही सांगितलेलं नाही. पक्कडला ठाऊक आहे. त्याच्याशिवाय आता तुला.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. घरी आले आणि पर्स उघडते तर किल्ली आत घरातच राहिलेली. जिन्यात उभी राहिले. ऊन येत होतं, पाय दुखत होते, हातात वह्यांचे दोन गठ्ठे. शेजारचं दार बंद. मी ह्यांना फोन केला. म्हटलं, तुमची किल्ली कोणाबरोबर तरी पाठवा. हे म्हणाले, अगं, खाली उतरतोय, तासाभरात मीच येतो. मी म्हटलं, तासभर मी इथे दारात भिकाऱ्यासारखी उभी राहू का? तुला माझा स्वर माहीत आहे. मग हे म्हणाले, बरं बरं, पक्कडला पाठवतो. मला तेवढ्यात शंका आली, मी विचारलंही, मग तिथे वर कोण थांबणार? तर हसले आणि म्हणाले, ‘चालतं, नियमात बसतं. मेहुणेबुवांनी आमची सोय करून ठेवली आहे.’

हे त्यांचं शेवटचं बोलणं. तेव्हापासून फोन टॉवेलांच्या खाली आहे.

पुढचं आणखी आहे. पक्कड सात-आठ मिनिटांत किल्ली घेऊन आला. तो दारातूनच परत निघाला होता. मी म्हटलं, एवढ्या उन्हातून आलात, चहा घेऊन जा. तो नको म्हणाला. मी आग्रह केला. मी चहा टाकला, त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं, बिस्किटं काढली. इमारतीतल्या त्या बाईंनी बटण वर केलं तेव्हा पक्कड माझ्या स्वयंपाकघरात बशीत चहा ओतून फुंकर मारत होता. वेळा मी जुळवून पाहिल्या आहेत. चहाला थांबवला नसता तर तो पोचला असता.

चौकशीत त्याने माझं नाव घेतलं नाही. खासगी कामाला गेलो होतो म्हणाला आणि पोटावर पाय आणून घेतला. मी ते ऐकलं, समोर बसून ऐकलं, आणि गप्प राहिले. आता सांग, आपल्या दोघांत जास्त वेळ कोण गप्प राहिलं?

मी तुला विचारत राहिले, शब्द कोणी घातला, कोणी घातला. तुझी परीक्षा घेत होते असं तुला वाटेल, आणि ते खरंही आहे, सव्वीस वर्षांच्या मास्तरकीची खोड. पण त्याहून वाईट म्हणजे, सगळं तुझ्यावर पडावं असं मला वाटत होतं. तू कबूल केलंस की माझं सुटेल, मी मोकळी होईन. काल तुझं पत्र आलं. चारदा वाचलं. मोकळी काही झाले नाही. उलट वाटलं, हा एवढं लिहू शकतो आणि मी अजून टॉवेलांखाली फोन लपवते आहे.

मी तुझ्या सिद्धांतांवर बराच विचार केला. मला विचारशील तर माणसं कायदे का करतात ते मला आता कळलंय असं वाटतं, बरोबर आहे की चूक ते तू ठरव. परक्या माणसाला नाही म्हणायला कायदा लागत नाही. तो आपल्या माणसाला नाही म्हणता यावं म्हणून लागतो. ह्यांना मला कधी नाही म्हणता आलं नाही, तीस वर्षांत एकदाही नाही. भिंतीवरच्या कागदाने त्यांच्या वतीने नाही म्हणायला हवं होतं. ‘नियम आहे, जमायचं नाही,’ एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला असता. मी चिडले असते, कागदावर चिडले असते. वह्या पायरीवर ठेवून तासभर जिन्यात बसले असते, आणि मग हे आले असते घामेजलेले, आणि आमचं भांडण झालं असतं. मला आता त्या भांडणाची फार आठवण येते, जे झालंच नाही त्याची.

तुला मी माफ केलं का, हे तू विचारलं नाहीस, बरं केलंस. मला तुझा राग आहे. तो जाईल असं मी लिहून देत नाही. माझाही मला आहे, आणि तो तर कुठे जायला मोकळा नाही. पण तू माझा भाऊ आहेस आणि या जगात हे सगळं सांगण्याजोगं मला दुसरं कोणी नाही, हे रागाने बदलत नाही.

काल शाळा सुटल्यावर पुन्हा पक्कडकडे गेले. म्हटलं, मी समितीपुढे किल्लीचं सांगणार आहे. तो घाबरला. म्हणाला, ‘बाई, राहू द्या. गेलेला माणूस येणार आहे का? लोक तुम्हाला काय काय बोलतील. मला आता पेट्यांची सवय झाली.’ मी म्हटलं, तुमची कंबर मला दिसते. तो रडला. मी रडले नाही, मी आता सुनावणीच्या दिवशीच रडेन. मी त्याला गाडीभाडं देऊ केलं, ते त्याने घेतलं नाही, पण येतो म्हणाला.

तू विचारलंस, येऊ का. ये. तुझं बोलणं आधी होईल की माझं, माहीत नाही. तू तुझी बैठक सांग, कोण कुठे बसलं होतं, कोणाची गाडी होती, सगळं सांग. तुमच्या त्या टेबलाशी बसणाऱ्यांना ऐकू दे. मी माझं सांगेन. वकील विचारतील, बाई, म्हणजे चूक तुमचीच होती तर? मी हो म्हणणार आहे. आणि म्हणणार आहे की माझ्यासारख्या बायका प्रत्येक घरी असतात, त्यांच्या नवऱ्यांना त्यांच्यापासून वाचवा.

एकच मागणं आहे. बोलताना माझा आवाज बसेल, कदाचित मी मध्येच थांबेन. तू तेव्हा उठून माझ्याजवळ येऊ नकोस, पाणी आणू नकोस, राहू दे ताई म्हणू नकोस. जागेवर बसून राहा. किल्लीपर्यंत कोणीही सांगेल, मला चहाचं सांगायचं आहे.

ताई